हातभर जागा

विहारात जिथं माय बसायची, तिथंच आता मी बसते, आणि माझ्या डाव्या बाजूला हातभर जागा सोडते. बुद्धपौर्णिमेला गर्दी होते, बाया मांडीला मांडी लावून बसतात, लेकरं मांडीवर घेतात, तरी मी सरकत नाही. नवीन आलेल्या एखादीला वाटतं, काय शिष्ट बाई आहे! वाटू दे. कोर्टात टायपिस्ट म्हणून इतकी वर्षं काढलेल्या बाईला लोकांच्या नजरा नव्या नाहीत. ती जागा कोणाची, हे सांगायचं मात्र मी फार दिवस टाळलं. टाळण्यात मी पहिल्यापासून हुशार, आणि त्या हुशारीचा भुर्दंड दुसऱ्याच कोणीतरी भोगला.

आमच्या वस्तीनं छप्पन साली धम्म घेतला तेव्हा मी पाच वर्षांची असेन. विहार त्यानंतरचं. बाबा आणि त्यांच्यासोबतचे मिलमधले लोक पाळी संपवून यायचे आणि विटा रचायचे. चार भिंती, वर टिनं, समोर बुद्धाची मूर्ती. चटया टाकायचं काम एका मावशीनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं आणि ते ती फौजदारासारखं करायची. मूर्तीच्या उजव्या हाताला माणसांच्या चटया, डाव्या हाताला बायांच्या, मधे दीड फूट मोकळी फरशी. लेकरू जरी इकडचं तिकडं झालं, तरी तिचा हात त्याच्या दंडाला जायचा.

परित्राणपाठ असला की मूर्तीपुढं पाण्याचा कलश ठेवत. कलशाला पांढरं सूत गुंडाळलेलं असे. ते भंतेजींच्या हातातून निघे, माणसांच्या रांगेतून हातोहात मागे जाई, मधली फरशी ओलांडून बायांकडे येई आणि बायांच्या रांगेतून परत कलशाकडे. पाठ चालू असेपर्यंत सगळ्यांच्या बोटांत ते एकच सूत. शेवटी त्याचे तुकडे करून प्रत्येकाच्या मनगटाला बांधत. मला पाठातलं काही कळायचं नाही, पण त्या सुताची फार ओढ होती. पलीकडच्या कोणी बोट हलवलं तरी आपल्या बोटाला समजायचं.

माझं मोठं भावंड माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठं. जन्माला आलं तेव्हा मुलगा म्हणून आलं, आणि घरात आम्ही दादाच म्हणायचो. मी आता लहानपणच्या आठवणीतही तिला तीच म्हणते. तिचं म्हणणं होतं की ती पहिल्यापासून तीच होती, आणि तिच्याबद्दल तिच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

ती विहारात मायला चिकटून बसायची, मायच्या डाव्या हाताला. बारा वर्षांची होईपर्यंत कोणी काही म्हटलं नाही. मग एका पौर्णिमेला चटईवाल्या मावशीनं तिचा दंड धरला.

"पोट्टा मोठा झाला आता. बायांत काहून बसते गा? तिकडं जाय."

ती उठली. माणसांच्या चटईपर्यंत गेली, तिथं उभी राहिली, आणि मग परत येऊन मधल्या मोकळ्या फरशीवर मांडी घालून बसली. दोन्हीकडची पोरं हसायला लागली. पाठ सुरू झाला, सूत माणसांकडून बायांकडे निघालं, ते तिच्या डोक्यावरून. तिनं हात वर करून दोन बोटांत ते मधोमध धरलं आणि पाठ संपेपर्यंत हात खाली घेतला नाही. भंतेजींचे डोळे मिटलेले होते. शेवटी सूत कापून बांधताना मावशी माणसांच्या बाजूला माणसांना बांधायला लावून, बायांना स्वतः बांधून मोकळी झाली. मधे बसलेलीला कोणी बांधायचं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. घरी गेल्यावर बाबांनी मारलं ते वेगळंच.

माय विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. तिच्या हाताखाली आम्ही दोघी. माझी विडी कायम ढिली, तर मोठीची अशी की कारखान्याचा माणूस माल तपासताना तीच विडी वर ठेवायचा. कामाला इतकी चांगली, पण वस्तीला तिचं काम दिसत नव्हतं, चालणं दिसत होतं. नळावर, शाळेच्या रस्त्यावर, सगळीकडे तिला टाळ्या वाजवून दाखवायचे. आठवीत तिनं शाळा सोडली. सतराव्या वर्षी घर सोडलं आणि रेल्वे लाइनच्या पलीकडे हिजड्यांच्या एका वस्तीत, एका गुरूच्या घरी राहायला गेली. बाबांनी त्या दिवशी जेवताना सांगितलं की या घरात आता तो विषय नको. विषय निघालाच नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मग बोलणार कोणाला?

मायनं मात्र बाबांना न सांगता आपली सोय लावली. मंगळवारच्या बाजारात ती भिवापूरची मिरची घ्यायला जायची, मला सोबत घेऊन. घर सोडून गेलेली ती त्याच वेळी तिथं बाजार मागायला, म्हणजे दुकानादुकानांतून पैसे मागायला, यायची. मिरचीच्या ढिगाआड दोघी उकिडव्या बसत. तिथं सगळेच ठसकत आणि डोळे पुसत असल्यामुळे या दोघींनी डोळे पुसले तरी कोणी बघत नसे. पहिल्यांदा तिला साडीत पाहिलं तेव्हा मी सवयीनं "दादा" म्हटलं. मिरचीवाल्यानं मान वर केली आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

"बाई म्हण वं," माय म्हणाली. "दिसत नाई का तुले?"

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मायनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं, जशी एखादी चुकलेली बेरीज दुरुस्त करावी. तेव्हापासून ती माझी बाई.

विहारात जायला मायकडे दोन पांढऱ्या साड्या होत्या. त्यांतली एक मेणबत्तीनं पदराजवळ जळाली होती. मी सातवीत असताना शाळेत रफू शिकले होते आणि हात शिवशिवत होते. पांढरा दोरा संपला म्हणून मी ते भोक निळ्या दोऱ्यानं रफू केलं. माय आधी रागावली, मग हसली. ती साडी तिनं एका मंगळवारी बाईला दिली.

"विहारात येशील तवा नेसजो."

"मंग कोणत्या चटईवर बसू माय?"

"माह्याजवळ. आणखी कुठं?"

बाईनं साडी छातीशी धरली. पुढची किती वर्षं दोघी ठरवत राहिल्या. या पौर्णिमेला, पुढच्या पौर्णिमेला. कधी बाबांची धास्ती, कधी मावशीची, कधी लोक काय म्हणतील याची. आणि एका थंडीत माय तापानं आठ दिवसांत गेली.

मी तोवर नोकरीला लागले होते. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात मराठी टायपिस्ट. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी रोज दोनदा चढत होते. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी. माझ्या सोयरिकीचंही तेव्हा चाललं होतं. मायच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात ठरला. आदल्या दिवशी बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिकडं सांगून येजो." तिकडं म्हणजे कुठं, ते मला कळलं. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तो विषय काढला होता.

मी गेले. बाईला सांगितलं की बाबांनी बोलावलंय. ती तोंडावर पदर धरून रडली आणि मग लगेच उठून पेटी उघडायला लागली, ती साडी काढायला. आणि माझ्या डोळ्यांपुढं आले ते माझे सुपरिंटेंडेंट, माझ्या सोबतचे क्लार्क, आणि मुलाकडचे दोघे जण, जे सांत्वनाला म्हणून येणार होते आणि मला बघून जाणार होते.

"बाई, शर्ट-पँट घालून ये," मी म्हणाले. "लोकं येतील खूप."

तिचा हात पेटीतच राहिला.

"बाबा म्हणले का असं?"

"हो," मी म्हणाले.

बाबा असं काही म्हणाले नव्हते. ते मी माझ्या मनानं जोडलं होतं. दर पौर्णिमेला खोटं न बोलण्याचं शील सगळ्यांसोबत मोठ्यानं म्हणणारी मी, मायला जाऊन सात दिवस झाले नव्हते तर एवढं सहज खोटं बोलले. बाईनं पेटी बंद केली आणि म्हणाली, बरं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. सूत माणसांच्या रांगेतून बायांकडे आलं, माझ्या बोटांतून पुढं गेलं, आणि मी दाराकडे बघत राहिले. बाबाही बघत होते. मला वाटलं, रुसली. आणि लाज वाटते सांगायला, पण मला सुटल्यासारखं वाटलं. मावशीनं माझ्या मनगटाला सूत बांधलं, मुलाकडचे दोघे "मुलगी शांत आहे" म्हणून गेले.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी मी रजेवरून कामावर रुजू झाले. सकाळची वेळ, तारखांची गर्दी. मॅजिस्ट्रेट साहेब बोलून सांगायचे आणि मी टाइप करायची. मान वर करायची गरज नसे. शिपायानं पुकारा केला, पोलिसानं एक आरोपी आणून उभा केला. सरकारी वकील वाचू लागले की अमुक दिवशी बस स्टँडजवळ आरोपी वेष पालटून संशयास्पद स्थितीत फिरताना मिळून आला, त्याच्या पिशवीत बाईमाणसाची एक पांढरी साडी मिळाली, साडीबद्दल त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, चोरीचा संशय आहे. तारीख आदल्या दिवसाची, मायच्या कार्यक्रमाची होती.

मी मान वर केली. मळक्या शर्टात बाई उभी होती. केसांचा मागे घट्ट अंबाडा. साहेबांच्या टेबलावर मुद्देमाल म्हणून एक पिशवी, आणि तिच्या तोंडाशी कागदाची चिठ्ठी बांधलेली मायची साडी.

"साडी कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"मायची."

"आई कुठे आहे?"

"वारली."

"घरी आणखी कोण आहे? जामीन कोण राहील?"

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी याच कोर्टात असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नोकरी लागली तेव्हा तिनंच मंगळवारी सगळ्या मिरचीवाल्यांना सांगितलं होतं, माही बहीण कोर्टात लागली म्हणून. माझी बोटं मशीनवर होती. मी उठले असते तर? एवढंच करायचं होतं, उठायचं. मी उठले नाही.

"घरी कोणी नाई साहेब," बाई म्हणाली.

"घरी कोणी नाही," साहेबांनी मला सांगितलं. "जामीनदार नाही. चौदा दिवस न्यायालयीन कोठडी."

आणि मी टाइप केलं. घरी कोणी नाही. माझ्याच बोटांनी, एकही चूक न करता. मी तिला लपवायला खोटं बोलले होते, ती मला वाचवायला खोटं बोलली. दोन्ही खोट्यांचा फायदा मलाच झाला.

मधल्या सुट्टीत मी कागद घेऊन व्हरांड्यात गेले. पोलीस तंबाखू मळत जरा लांब उभा होता. ती भिंतीला टेकून बसली होती.

"काहून नाई सांगितलं बाई?"

"तुही नोकरी हाय. सोयरीक हाय." मग तिनं हळूच सांगितलं, "साडीत असती तं कोणी रोखलं नसतं वं. त्या रस्त्यावरचे सारे वळखतेत मले. शर्टात पाह्यलं अन् थांबवलं. म्हणे, भेस बदलके कहाँ जा रहा बे? मी म्हणलं, मायचं कार्य हाय. साडी काढून दाखवली. तेच चुकलं."

"साडी काहून घेतली होती?"

"नेसणार नोती. बाबाचं आइकलं असतं मी. माणसांतच बसणार होती. फक्त मांडीवर ठेवणार होती." तिचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. "मायचं सूत बांधलं तुले?"

मी हात मागे घ्यायला गेले. तिनं एक बोट पुढं करून त्या सुताला लावलं, लहानपणी लावायची तसंच, आणि विचारलं, "कोण बसलं होतं वं, मायच्या जागी?"

तेवढ्यात पोलीस आला आणि तिला घेऊन गेला. ते चौदा दिवस तिला तुरुंगात माणसांच्याच बराकीत ठेवलं. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही, पण पुढच्या तारखेला आली तेव्हा तिच्या शर्टाची बाही खांद्यापासून उसवलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी जामिनाची खटपट करू शकले असते. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी स्वतःची समजूत घालायची, पुढच्या तारखेला साहेब तिला सोडतीलच, एवढ्याशा गोष्टीत कोणाला किती दिवस ठेवणार? मधे मुलाकडचे घरी येऊन पोहे खाऊन गेले. पुढे ते जमलं नाहीच, मुलाला नोकरी करणारी बायको नको होती. ज्याच्यासाठी एवढं केलं, ते असं गेलं.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी बाबा अंगणात बसले होते. आपणहून बोलले, "आली नाई नं ती. मायच्या कार्याले तरी यायले पाह्यजे होतं." मग म्हणाले, "मी रस्ता पाह्यत होतो वं."

मी सगळं सांगितलं. शर्ट-पँटपासून व्हरांड्यापर्यंत. बाबांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी कुठं म्हणलं शर्ट-पँट?" ते म्हणाले. "मी म्हणलं, सांगून येजो. जशी हाय तशी आली असती. मी आता म्हातारा झालो, माह्यात भांडाची ताकद राह्यली का?" आणि उठून आत गेले. रात्री जेवले नाहीत. सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खांद्यावर दुपट्टा टाकून दारात उभे होते. कोर्टात ते माझ्यासोबत आले आणि मागच्या बाकावर बसले.

तिचा पुकारा झाला. ती आत आली आणि मी तिला ओळखलंच नाही. डोकं पूर्ण भादरलेलं होतं. उवा झाल्या म्हणून तुरुंगात सगळ्यांचे काढले, हे नंतर कळलं. कमरेच्या खाली यायचे तिचे केस. मिरचीच्या ढिगाआड बसून माय दर मंगळवारी त्यांना तेल लावायची. चौदा दिवसांपूर्वी ते होते. मी उठले असते तर ते आजही असते.

मी उठले. वरातीमागून घोडं, पण उठले.

"साहेब, मला साक्ष द्यायची आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही टाइप करायला बसला आहात."

"मला या खुर्चीवरून उठायची परवानगी द्या. आरोपी माझ्या घरची आहे."

शेजारच्या कोर्टातून दुसरा टायपिस्ट बोलावला, तो माझ्या खुर्चीवर बसला. शपथ द्यायला शिपाई आला. मला रोज चहा आणून देणारा माणूस. तो ईश्वरसाक्ष म्हणू लागला, मी म्हणाले, मी प्रतिज्ञेवर सांगेन. आमच्या वस्तीतले साक्षीदार असंच म्हणतात, आणि मी ते कितीदा टाइप केलं होतं. स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदाच म्हणत होते.

मी सांगितलं, साडी माझ्या आईची आहे, आईनं हिला दिली. पदराजवळ रफू आहे, निळ्या दोऱ्याचं, मी सातवीत असताना केलेलं, पांढरा दोरा संपला म्हणून. साहेबांनी साडी उलगडायला सांगितली. पोलिसानं ती टेबलावर घडी घडी मोकळी केली आणि निळं रफू निघालं. किती ओबडधोबड होतं ते!

"साडी स्वतःची होती, तर आरोपी वेष पालटून का फिरत होता?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"वेष मी पालटायला लावला," मी म्हणाले. "ती रोज साडीच नेसते. त्या दिवशी शर्ट-पँट घालून ये, असं मी सांगितलं होतं. लोकांना लाजून."

"आरोपी माझा भाऊ आहे," माझी साक्ष म्हणून साहेब नव्या टायपिस्टला सांगू लागले.

"बहीण आहे साहेब. मोठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "कागदोपत्री जे आहे तेच मला घ्यावं लागेल," ते म्हणाले. कागदावर भाऊच राहिला. मग त्यांनी मागच्या बाकाकडे बोट करून हे कोण म्हणून विचारलं. बाबा उभे राहिले. "मी बाप होय. दोघींचा," ते म्हणाले. ते कोणी टाइप केलं नाही.

तिला सोडलं. मुद्देमाल परत मिळाला. कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली आम्ही तिघं उभे राहिलो. ती सारखी हातानं डोकं झाकत होती. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तिच्या डोक्यावर टाकला, नीट दोन्ही कानांवरून घेतला.

"घरी चाल," ते म्हणाले. "उद्या पौर्णिमा हाय. विहारात येजो."

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, आली. पण तिनं मान हलवली.

"या डोक्यानं नाई बाबा. बायांत कशी बसू मी अशी? मायनं म्हणलं होतं, माह्याजवळ बसजो. पोट्ट्यासारखी नाई बसणार तिथं." तिनं साडी माझ्या हातात दिली. "हे तुह्यापाशी ठेव. केस वाढू दे. वाढले का मंग येईन."

"मी बोलले होते बाई ते शर्टाचं," मी म्हणाले. "बाबा नव्हते बोलले."

"मले माहीत होतं वं," ती म्हणाली. "बाबाले पँट-शर्ट कुठून सुचते?" आणि ती हसली. मला ते हसू अजून सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी विहारात मी मायच्या जागी बसले आणि डाव्या हाताला जागा सोडली. कोर्टातली गोष्ट तोवर वस्तीभर झाली होती. चटईवाली मावशी आली आणि माझ्या डोक्याशी उभी राहिली.

"जागा काहून सोडली वं?"

मी भांडायच्या तयारीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. बाईची जागा आहे. तुम्ही तिला उठवलं होतं. तिचे केस वाढले की ती येणार आहे. मावशीनं वाकून चटईचं टोक धरलं आणि ओढून घेतलं, कारण माझ्या डावीकडे चटई संपून फरशी लागत होती. आता तिथं चटई आली.

बाई गुरूसोबत रायपूरकडे गेली. तिकडून तिचं पोस्टकार्ड आलं, आठवीपर्यंतच्या त्या गोल अक्षरात. केस कानापर्यंत आले. काही महिन्यांनी दुसरं, मानेवर आले, बाबाले सांग. मग तिसरं, खांद्याले लागले, आता वेणी पडते लहानशी, उंदराच्या शेपटीएवढी. ते मी बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर आलं नाही. मी पत्त्यावर जाऊन आले. घरात दुसरेच लोक राहत होते, म्हणाले, ते सगळे केव्हाच निघून गेले. बाबा शेवटपर्यंत माणसांच्या रांगेत अशा ठिकाणी बसायचे, जिथून बायांकडचं दार दिसतं. तेही गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनालाही मी दाराकडे बघत होते.

साडी मी दर पौर्णिमेला धुते, वाळवते आणि पिशवीत घालून सोबत नेते. कंगवा माझ्या केसांतून फिरतो तेव्हा मी तिच्या केसांचा हिशोब करते. कमरेपर्यंत यायला किती वर्षं लागतात? तेवढी केव्हाच होऊन गेली. ती कुठं असेल, कोणाजवळ बसत असेल, तिच्या मनगटाला कोणी काही बांधत असेल का? मला तिची फार आठवण येते. सूत हातात आलं की मी ते माझ्या डाव्या बाजूनं जरा सैल सोडते.

परवाच्या पौर्णिमेला एक नवी सून आली, लेकरू कडेवर घेऊन. सगळीकडे दाटी होती, ती माझ्या डावीकडे बसायला वाकली. मी काही म्हणणार, तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला. तिला आता नीट दिसत नाही, चटया दुसऱ्याच कोणी टाकतात, ती भिंतीला टेकून नुसती बसलेली असते.

"तिथं नको बसू वं पोरी," मावशी म्हणाली. "तिच्या बाईची जागा होय थे. येणार हाय ती. केस वाढून राहिले तिचे."